हिमोढ व हिमजलनिर्मित त्रिभुज प्रदेशांवरून प्राचीन हिमकडेचा बोध : चंद्रपूरच्या तालचेर थरांच्या संदर्भात

प्रस्तावना

मुंबईच्या पूर्व अंगाला शिवडी ते अँटॉप हिल या पट्ट्यातील टेकड्यांचा खडक ज्वालामुखीजन्य आहे. दख्खनच्या लाव्हाच्या उत्तरकाळातील हे थर असून त्यांचे वय सहा ते साडेसहा कोटी वर्षांच्या घरात जाते. अँटॉप हिलच्या उतारावर किंवा वडाळ्याच्या मिठागरांच्या बांधावर ग्रॅनाइटचा अथवा चुनखडकाचा एखादा गोटा आढळला, तर तो भरावाबरोबर आला असावा असे कोणीही निःशंकपणे म्हणेल. येथे परक्या दगडाला येण्यासाठी माणसाच्या वाहनाखेरीज दुसरे वाहन नाही. भूविज्ञानातील एका मोठ्या शोधाची सुरुवात मात्र नेमक्या अशाच परक्या दगडांपासून झाली. दगड येथला नाही हे उघड दिसते. पाण्याने आणला म्हणावे, तर त्याच्याभोवतीचा गाळ ते मान्य करीत नाही. मग तो आणला कोणी?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीत, चंद्रपूर जिल्ह्यात, दगडावर कोरलेले आहे. जो जिल्हा आज देशातील सर्वाधिक उष्ण जिल्ह्यांत गणला जातो, तेथे सुमारे २९ ते ३० कोटी वर्षांपूर्वी बर्फाची चादर सरकत होती. आपल्या महाविद्यालयांतून भूगोलाचा विद्यार्थी हिमोढाचे चार प्रकार आल्प्स पर्वताच्या आकृतीवरून पाठ करतो. वर्धा व पैनगंगा यांच्या खोऱ्यांत हिमकडेचा पुरावा आहे हे त्याच्या कानावर बहुधा येत नाही. हिमोढ व हिमजलाने रचलेले त्रिभुज प्रदेश प्राचीन हिमकडेची परिस्थिती कशी नोंदवितात आणि ती नोंद वाचताना कोणती सावधगिरी बाळगावी लागते, याचे विवेचन चंद्रपूरच्या उदाहरणाच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हिमोढ : न निवडलेला माल

नदी निवड करते. वेग असेल तेथे ती गोटे नेते, वेग मंदावला की वाळू टाकते आणि संथ पाण्यात चिखल खाली बसू देते. त्यामुळे नदीच्या गाळात आकारमानानुसार विभागणी झालेली असते. बर्फ अशी निवड करीत नाही. हिमनदीच्या तळाशी वा अंगावर जे सापडले, मग ते घराएवढी शिळा असो की पिठासारखी भुकटी, ते सर्व ती सारख्याच गतीने वाहून नेते आणि वितळताना एकाच ठिकाणी सोडून देते. मातीत रुतलेले लहानमोठे गोटे, त्यांत थर नाहीत, क्रम नाही, अशा या राशीस हिमोढ म्हणतात. हिमनदीच्या दोन्ही बाजूंचा पार्श्व हिमोढ, दोन हिमनद्यांच्या संगमानंतर मधोमध उरणारा मध्य हिमोढ, तळाशी पसरलेला तल हिमोढ आणि मुखाशी धनुष्याकृती रचला जाणारा अंत्य हिमोढ ही वर्गवारी सुपरिचित आहे.

यांपैकी हिमकडेच्या दृष्टीने अंत्य हिमोढ विशेष महत्त्वाचा. बर्फ वरून सतत येत राहते आणि कडेवर सतत वितळत राहते. ही आवक-जावक जेथे समसमान होते तेथे कडा स्थिरावते. पण बर्फाचा प्रवाह थांबलेला नसतो. धावत्या पट्ट्याच्या टोकाशी माल पडत राहावा, त्याप्रमाणे एकाच रेषेवर दगडमातीचा बांध वाढत जातो. म्हणून अंत्य हिमोढ म्हणजे हिमनदी थांबल्याची खूण, असे जे सर्रास लिहिले जाते ते अर्धेच खरे आहे. थांबलेली असते ती कडा. हिमनदी चालूच असते. कडा मागे सरकताना मध्येच काही काळ रेंगाळली, तर तेथे दुसरा, तिसरा बांध पडतो आणि अशा समांतर बांधांवरून माघारीचे टप्पे मोजता येतात.

हिमोढातील दगडही बोलके असतात. तळाशी घासले गेल्याने त्यांना सपाट पैलू पडतात आणि त्यांवर समांतर ओरखडे उमटतात. लांबट दगडांची लांब बाजू पुष्कळदा बर्फाच्या प्रवाहाच्या दिशेस वळलेली असते. खालच्या कातळावरही तशाच रेषा आणि खोबणी पडतात. मात्र अशा रेषेवरून केवळ रेषाच कळते. बर्फ तिच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेले की उलट, हे ठरविण्यास कातळाच्या उंचवट्यांची एक बाजू घासून गुळगुळीत व दुसरी उपटल्यासारखी खडबडीत झाली आहे काय, हे पाहावे लागते.

त्रिभुज प्रदेश : पाण्याच्या पातळीची खूण

हिमोढ बर्फाची जागा सांगतो. त्या जागेसमोर काय होते हे तो सांगत नाही. बर्फाच्या पुढे कोरडे मैदान होते, सरोवर होते की समुद्र होता, हे जाणून घेण्यास वितळलेल्या पाण्याने केलेल्या रचनेकडे वळावे लागते. हिमनदीच्या पोटातील भुयारांतून दाबाखाली बाहेर पडणारे पाणी गाळाने गढूळ असते. पुढे उघडे मैदान असेल तर ते अनेक फाट्यांनी पसरत वाळू-गोट्यांचा सपाट पंखा तयार करते. पुढे सरोवर असेल तर तेथे त्रिभुज प्रदेश बांधला जातो.

अमेरिकन भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी बॉनव्हिल या लुप्त सरोवराच्या काठावरील अशा रचनांचे वर्णन केले असून त्यांचा प्रबंध १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दाखविलेली त्रिस्तरीय रचना अशी : वर जवळजवळ आडवे, जाड गोट्यांचे थर, त्यांखाली सरोवराच्या दिशेस तीव्रपणे कललेले वाळूचे थर, आणि सर्वांत खाली व पुढे, पुन्हा आडवे, बारीक गाळाचे थर. वरच्या आडव्या थरांपर्यंत प्रवाह उघड्यावर वाहत होता आणि कललेले थर पाण्याखाली घसरून बसले. म्हणजे या दोहोंच्या संधीची उंची हीच त्या काळच्या सरोवराच्या पाण्याची उंची. सरोवर आटून हजारो वर्षे झाली तरी त्याची पातळी मीटरच्या हिशेबात सांगता यावी, ही गोष्ट विलक्षण आहे. तुलनेने हिमोढाची उंची पाण्याविषयी काहीच सांगत नाही.

त्रिभुज प्रदेश थेट बर्फाला टेकूनच वाढला असेल, तर त्यास आणखी काही लक्षणे येतात. बर्फाकडील बाजू तीव्र उताराची असते आणि तिच्यातील थर तुटलेले, ढासळलेले दिसतात, कारण ज्या बर्फाच्या भिंतीचा आधार होता ती भिंत पुढे वितळून गेलेली असते. माथा सपाट असतो, परंतु गाळात गाडले गेलेले बर्फाचे तुकडे मागाहून वितळल्याने त्यावर खळगे पडतात. समोरची बाजू मात्र नियमित कललेल्या थरांची असते. एकाच टेकडीच्या एका कुशीत बर्फ आणि दुसऱ्या कुशीत पाणी, अशी ही साक्ष असते.

फिनलंडच्या दक्षिण भागातील साल्पाउसेल्का या रांगा हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. सुमारे १२,००० वर्षांपूर्वी, हवामान पुन्हा एकदा थंड झाले असताना, स्कँडिनेव्हियाच्या हिमचादरीची कडा तेथे दीर्घकाळ रेंगाळली आणि बाल्टिक हिमसरोवराच्या पाण्यात शेकडो किलोमीटर लांबीच्या रांगा रचल्या गेल्या. त्यांचा काही भाग हिमोढ आहे, तर काही भाग सपाट माथ्याचे त्रिभुज प्रदेश. एकाच सरोवराच्या पातळीस बांधले गेलेले हे माथे वास्तविक एका उंचीवर असावयास हवेत. आज ते वायव्येकडे चढत जातात. बर्फाच्या भाराने दबलेली भूमी भार उतरताच वर येऊ लागली आणि जेथे बर्फ अधिक जाड होते तेथे ती अधिक वर आली. अशा रीतीने त्रिभुज प्रदेशाचा माथा पाण्याची पातळी तर सांगतोच, शिवाय नाहीशा झालेल्या बर्फाच्या जाडीचाही अंदाज देतो.

सरोवराच्या तळाशी, त्रिभुज प्रदेशाच्या पुढे, आणखी एक नोंद होत असते. उन्हाळ्यात वितळलेले पाणी फिकट रंगाचा काहीसा जाडसर गाळ आणते. हिवाळ्यात सरोवर गोठते, पाणी स्तब्ध होते आणि तरंगत राहिलेला सूक्ष्म चिखल गडद पापुद्र्याच्या रूपाने खाली बसतो. फिकट व गडद मिळून एक वर्ष. स्वीडनच्या गेरार्ड द गेअर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अशा जोड्या मोजून हिमकडेच्या माघारीचे वर्षवार वेळापत्रक तयार केले. या पातळ थरांत कधी कधी एखादा मोठा दगड बसलेला आढळतो. त्याच्याखालचे पापुद्रे दबून वाकलेले आणि वरचे त्याच्यावरून पांघरुणासारखे गेलेले असतात. दगड वरून, पाण्यावर तरंगणाऱ्या हिमखंडातून पडला, याहून सरळ अर्थ त्यातून निघत नाही.

तालचेर ते पैनगंगा

हाच युक्तिवाद भारतात फार लवकर मांडला गेला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड, त्यांचे बंधू एच. एफ. ब्लॅनफर्ड व विल्यम थिओबाल्ड हे १८५६ च्या सुमारास ओडिशातील तालचेर येथे कोळशाच्या थरांचा शोध घेत होते. कोळशाच्या बऱ्याच खाली त्यांना हिरवट, अतिशय बारीक गाळात रुतलेले मोठमोठे गोलाश्म आढळले. एवढे गोलाश्म हलविणारा प्रवाह तो गाळ केव्हाच धुऊन नेता; आणि तो गाळ बसू देणारे संथ पाणी गोलाश्म हलवू शकत नाही. तेव्हा दगड बर्फाने आणले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. उष्ण कटिबंधातील प्रदेशाविषयी असे विधान करणे त्या काळी धाडसाचे होते. बंधूंपैकी एच. एफ. ब्लॅनफर्ड पुढे १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख झाले, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे.

ब्लॅनफर्ड बंधूंनाही प्रत्यक्ष हिमनदी सुचविण्याचे धाडस झाले नव्हते. नदी वा सरोवराच्या तळाशी गोठणारे बर्फ दगड उचलून नेत असावे, एवढेच त्यांचे म्हणणे. ओरखडे उमटलेला कातळ हाती आला तो महाराष्ट्राच्या भूमीत. वर्धा खोऱ्यात कोळशाचे सर्वेक्षण चालू असताना चंद्रपूरच्या पश्चिमेस, पैनगंगेच्या परिसरातील इरई या गावाजवळ तालचेर गोलाश्म थराखालचा चुनखडक घासून गुळगुळीत झालेला व समांतर रेषांनी ओरखडलेला सापडला. फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये सर्वेक्षणाच्या नियतकालिकात या पुराव्याची हकीकत प्रसिद्ध केली. मात्र त्यांच्या लेखाच्या शीर्षकातही शब्द ‘तळबर्फ’ असाच होता. पुरावा डोळ्यांपुढे असताना निष्कर्षाच्या शब्दाने मागे राहावे, याचे हे बोधप्रद उदाहरण आहे. (इरई हे नाव चंद्रपूर शहराजवळून वाहणाऱ्या नदीचेही आहे, वाचकांनी घोटाळा करू नये.) ए. जे. स्मिथ यांनी १९६३ मध्ये या कातळाचा व त्यावरील गोलाश्म थराचा गाळशास्त्राच्या दृष्टीने पुन्हा अभ्यास करून हिमनदीच्या क्रियेचा पुरावा म्हणून त्याची मांडणी केली.

इरईच्या कातळाचे महत्त्व असे की, तेथे तीन गोष्टी एकत्र येतात : ओरखडलेला तळ, त्यावर न निवडलेला गोलाश्म थर आणि त्या थरातील ओरखडे व पैलू असलेले दगड. यांपैकी कोणतीही एक गोष्ट एकटी असती तर पुरावा लंगडा ठरला असता. डोंगरउतारावरून घसरलेला चिखल-दगडांचा लोंढाही निवड करीत नाही. तो साचून घट्ट झाला की हुबेहूब हिमोढासारखा दिसतो. भूकवचातील प्रस्तरभंगाच्या पृष्ठावरही रेषा पडतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरचे अनेक तथाकथित हिमोढ पुन्हा तपासले गेले आणि त्यांतील कित्येक चिखललोंढे ठरले. शंकेखोरपणाची ही लाट योग्यच होती. हिमनदीचा निर्णय एका दगडावरून होत नाही, तर परस्परांना दुजोरा देणाऱ्या खुणांच्या समूहावरून होतो.

गोलाश्म थराच्या वर तालचेर थरांत हिरवट वालुकाश्म आणि शेल येतात. हा शेल हवेत उघडा पडला की त्याचे सुयांसारखे बारीक, लांबट तुकडे होतात आणि त्यावरून त्याला सुईशेल असे नावच पडले आहे. खनिजकण रासायनिक रीत्या फारसे कुजलेले नाहीत, हे थंड हवामानाशी जुळते. तालचेर थरांत निरनिराळ्या ठिकाणी पातळ पापुद्र्यांच्या जोड्या व त्यांत वरून पडलेले दगड यांचीही नोंद झालेली आहे. खालून वर जाताना वाचावयाचे ते असे : आधी बर्फ कातळावरून सरकत होते; मग त्याने आपला माल टाकला; मग कडा मागे हटली, तिच्यासमोर पाणी साचले, त्या पाण्यात हिमजलाने वाळू आणून ओतली आणि दूरच्या भागात गढूळ चिखल शांतपणे बसत गेला. फिनलंडमध्ये जे नकाशावर आडवे पसरलेले दिसते, ते येथे कातळाच्या छेदात उभे रचलेले आहे. रांगेचा आकार, खळगे, सपाट माथा हे सर्व कोट्यवधी वर्षांत नष्ट झाले. उरला तो केवळ थरांचा क्रम. भूरूप गेल्यावर भूरूपाची ओळख थरांवरून पटवावी लागते आणि येथेच भूगोलाच्या अध्यापकाला भूविज्ञानाच्या वर्गाचे दार ठोठवावे लागते.

सर्वत्र हे पाणी गोडे नव्हते. मध्य प्रदेशातील उमरिया व छत्तीसगडमधील मनेंद्रगड येथे तालचेर काळाशी निगडित थरांत समुद्री शिंपले मिळाले आहेत. मनेंद्रगडच्या युरीडेस्मा या शिंपल्याचे नातेवाईक ऑस्ट्रेलियातही सापडतात. बर्फ वितळून समुद्राची पातळी वाढली आणि खारे पाणी दऱ्यांतून आत शिरले, असा त्याचा अर्थ लावला जातो. इरईसारखेच ओरखडलेले कातळ दक्षिण आफ्रिकेत ड्वायका थरांखाली आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात आढळतात. आजच्या नकाशावर त्यांची संगती लागत नाही. सर्व भूखंड दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र जोडले की लागते. १९१२ पासून आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडवहनाचा जो पक्ष मांडला, त्यात या पुराव्यास मानाचे स्थान होते. सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावरचे चंद्रपूर त्या काळी दक्षिण गोलार्धाच्या उच्च अक्षांशांत होते.

कोळसा, समुद्र आणि कातळाची सद्यःस्थिती

बर्फ हटल्यानंतर त्याच खोलगट भूमीवर ग्लोसोप्टेरिस वनस्पतींची दाट वने वाढली आणि दलदलीत गाडली जाऊन बराकार थरांतील कोळसा तयार झाला. बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूर, वणी येथील खाणी त्याच कोळशाच्या. तो जाळून वीज निर्माण होते आणि त्याचा धूर आज हिमालयापासून ग्रीनलंडपर्यंत दुसऱ्या हिमकडांच्या माघारीस हातभार लावतो. एका हिमयुगाच्या समाप्तीने दिलेले इंधन दुसऱ्या हिमयुगाच्या अवशेषांवर चालून जात आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

हिमालयातील आजच्या हिमोढांचे वाचन हा तर जीवितवित्ताचा प्रश्न झाला आहे. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वरील चोराबारी तलाव त्यास अडवून धरणारा हिमोढ फुटून रिकामा झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक सरोवरात पार्श्व हिमोढाचा मोठा भाग कोसळला, उसळलेल्या लाटेने मुखाशी असलेला बांध फोडला आणि खाली चुंगथांग येथील तिस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले. हिमोढ हा न निवडलेला, न बांधलेला, पुष्कळदा पोटात बर्फ राखून असलेला ढिगारा असतो. धरण म्हणून तो भरवशाचा नव्हे, हे पाठ्यपुस्तकातील व्याख्येतच दडलेले आहे.

मुंबईशीही या विषयाचा संबंध आहे, तो समुद्राच्या मार्गाने. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी जगाच्या हिमचादरींत इतके पाणी अडकले होते की, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईसमोरील समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आणि उथळ असल्याने किनारा त्या वेळी पश्चिमेस फार दूर असला पाहिजे; अँटॉप हिल हे बेटावरचे नव्हे, तर अंतर्भागातले टेकाड होते. १८७८ च्या सुमारास प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असता चिखलाखाली शेकडो झाडांची खोडे सापडली आणि त्यांतील कित्येक मुळांवर उभी होती. त्या बुडालेल्या वनाचे कारण केवळ समुद्राची चढती पातळी की भूमीचे खचणे, यावर मतभेद झाले. तथापि मुंबईची किनाररेषा स्थिर नाही, हे त्या खोडांनी दाखवून दिले. फिनलंडची हिमकडा मागे सरकत होती तेव्हा वडाळ्याच्या बाजूला समुद्र अद्याप पोचावयाचा होता.

इरईच्या कातळापुढील अडचण वेगळीच आहे. ज्या खडकावर ओरखडे आहेत तो चुनखडक आहे, आणि चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यातील सिमेंट उद्योग चुनखडकावरच उभा आहे. शिवाय चुनखडक पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळतो. ओरखडे सुमारे ३० कोटी वर्षे टिकले ते वर गोलाश्म थराचे झाकण होते म्हणून. झाकण निघाले की काही पिढ्यांतच रेषा पुसट होतात. म्हणून अशा स्थळाचे रक्षण म्हणजे त्यास कुंपण घालणे एवढेच नसून, पृष्ठाचा काही भाग मुद्दाम झाकलेला ठेवणे हेही होय. उघड्या पृष्ठाची मापे, छायाचित्रे व साच्यावरून घेतलेल्या प्रतिकृती वेळीच करून ठेवल्या पाहिजेत. हे काम विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे आणि त्यास मोठ्या निधीची गरज नाही.

मुंबईच्या महाविद्यालयांच्या अभ्याससहली बहुधा महाबळेश्वर, लोणार किंवा कोकण किनारा यांकडे वळतात. वर्धा खोऱ्याकडे सहल न्यावयाची असल्यास विद्यार्थ्यांना आधी त्रिभुज प्रदेशाच्या तीन थरांची आकृती नव्हे, तर एखाद्या नदीकाठचा आणि एखाद्या दरडीचा गाळ शेजारी शेजारी ठेवून दाखवावा. निवडलेला व न निवडलेला माल यांतील भेद एकदा हाताला कळला की गोलाश्म थरासमोर फार बोलावे लागत नाही. सहल डिसेंबर-जानेवारीत काढावी. मे महिन्यात तेथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि त्या हिमतळावर दुपारी उभे राहवत नाही.